वेंगुर्ल्याच्या घरातली सादेली लेखनपेटी: ओळख, वय आणि जतन

आपल्या वेंगुर्ल्याच्या घरात माळ्यावरच्या ट्रंकेत सापडलेल्या पेटीविषयी आपण चार गोष्टी विचारल्या आहेत. ही पेटी कसली आणि ती कोठे बनली, घरात म्हणतात त्याप्रमाणे ती डचांच्या काळातली आहे का, पॉलिशवाला ती नव्यासारखी करून देतो म्हणतो तर द्यावी का, आणि जुन्या वस्तू घेणारा एक व्यापारी चांगली रक्कम देऊ करतो आहे त्याला ती विकावी का. पणजोबा मुंबईच्या गोदीत कारकून होते आणि पेटी त्यांच्यापासून घरात आहे, एवढी माहिती आपण फोटोंसोबत दिली आहे. शेवटच्या दोन प्रश्नांचे उत्तर मी आधी देतो, कारण तिथे घाई झाली तर बाकीच्या माहितीचा काही उपयोग उरणार नाही. पेटी पॉलिशला देऊ नये. आणि तिच्यावरचे पांढरे काम हस्तिदंताचे आहे की हाडाचे, हे ठरेपर्यंत विक्रीचे बोलणेसुद्धा करू नये.

पेटीची जात फोटोंवरून स्पष्ट कळते. उतरते झाकण, उघडल्यावर पसरणारा मखमलीचा लिहिण्याचा उतार, वरच्या बाजूला टाक ठेवण्याचा लांबट खण आणि त्याच्या दोन टोकांना काचेच्या दौतींसाठी चौकोनी घरे, अशी ही प्रवासात नेण्याची लेखनपेटी आहे. झाकणाच्या मध्यभागी कोरीव चंदनाची फळी आहे आणि तिच्याभोवती पांढऱ्या, हिरव्या, काळ्या व राखी रंगाच्या चांदण्यांचे पट्टे आहेत. या चांदण्यांच्या कामाला सादेली म्हणतात. ही कला इराणातल्या शिराझकडून सिंधमार्गे सुरतेला आणि तिथून मुंबईला आली असे मानले जाते, आणि मुंबईत ती मुख्यतः पारशी कारागिरांच्या हाती होती. इंग्रज गिऱ्हाईक अशा पेट्यांना सरसकट ‘बॉम्बे बॉक्स’ म्हणत असे. 1851 मध्ये लंडनला जे मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले, त्यात हिंदुस्थानच्या दालनात हे काम मांडलेले होते आणि त्यानंतर त्याची मागणी पुष्कळ वाढली.

बहुतेकांना ही चांदणी म्हणजे लाकडात एकेक तुकडा खोचून भरलेली नक्षी वाटते, आणि दुरुस्तीच्या वेळी नेमकी हीच समजूत नडते, म्हणून काम कसे होत असे ते थोडे सविस्तर सांगतो. कारागीर प्रथम हस्तिदंत, हाड, आबनूस, शिसव, चंदन आणि कथील यांच्या लांब, बारीक, तिकोनी कांड्या कानशीने घासून तयार करी. हिरवा रंग हवा असेल तिथे हाड किंवा हस्तिदंत आधी रंगवून घेत. मग या कांड्या ठरलेल्या क्रमाने एकमेकींना सरसाने चिकटवून, दोऱ्याने आवळून, त्यांची जुडी बांधत. सरस वाळून जुडी एकजीव झाली की बारीक दात्यांच्या करवतीने तिचे आडवे काप काढत. अळुवडीचा उंडा कापला की प्रत्येक कापात तीच गुंडाळी दिसते, तशी इथे प्रत्येक कापात तीच चांदणी निघते. हे काप जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीचे असतात. ते पेटीच्या चंदनी किंवा इतर लाकडाच्या सांगाड्यावर सरसाने शेजारी शेजारी बसवून वरून घासून सपाट करत. म्हणजे आपल्याला दिसणारी सगळी नक्षी हा वर चिकटवलेला एक पातळ थर आहे, आणि त्या थरात लाकूड, प्राण्याचे दात किंवा हाड आणि धातू असे तीन वेगळ्या स्वभावाचे पदार्थ एकमेकांना खेटून बसलेले आहेत. पावसाळ्यात लाकूड फुगते, कथील फुगत नाही, हस्तिदंत आपल्या पद्धतीने ओल घेते. या पेटीला जे काही दुखणे होते ते यातूनच होते.

एक भिंग घेऊन झाकणाच्या कोपऱ्यातली एखादीच चांदणी शांतपणे पाहावी. प्रत्येक तिकोनाच्या कडेने केसासारखी राखी रेघ गेलेली दिसेल, ती कथलाची. मूळची ती चांदीसारखी चकाकत असे, आता हवेने मंद झाली आहे, आणि ती मंदच राहू द्यावी. चांगल्या कामात या रेघा टोकाला नेमक्या एका बिंदूत मिळतात. आपल्या पेटीवरच्या बारीक पट्ट्यात त्या तशा मिळतात, पण रुंद पट्ट्यात काही ठिकाणी टोके सरकलेली आहेत आणि फटीत काळसर भर दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या पेट्यांवर सादेली बहुधा सबंध पृष्ठभागभर असते आणि फार नाजूक असते. पुढे, विशेषतः 1869 मध्ये सुएझचा कालवा सुरू होऊन विलायतेचा प्रवास जवळ आल्यावर, मागणी भागवण्यासाठी नक्षी थोडी ठोकळ झाली आणि मधल्या जागेत चंदनाच्या किंवा शिसवीच्या कोरीव फळ्या बसवण्याची रीत पडली. आपली पेटी या दुसऱ्या घडणीची आहे.

वयाचा निर्णय नक्षीपेक्षा लोखंड-पितळेवरून अधिक भरवशाने करता येतो. आपण कुलपाचा जवळून फोटो पाठवला हे फार चांगले केले. त्याच्या पितळी पट्टीवर मुकुट आणि त्याच्या दोन बाजूंना व्ही व आर ही अक्षरे ठोकलेली आहेत. ती राणी व्हिक्टोरियाची, म्हणजे 1837 ते 1901 या काळातली. कुलूप विलायतेहून येत असे आणि मागाहून बदललेलेही असू शकते, म्हणून त्याच्याभोवती बुजवलेली जुनी भोके आहेत का ते पाहावे लागते. आपल्या फोटोत तशी भोके नाहीत आणि कुलपाची खाच कुलपाला चपखल आहे. दुसरा पुरावा बिजागरीतून सुटून आलेल्या स्क्रूचा. त्याचे टोक अणकुचीदार आहे आणि आटे सारख्या अंतरावर आहेत. हाताने कापलेल्या जुन्या स्क्रूचे टोक बोथट असते, आटे वाकडेतिकडे असतात आणि डोक्यावरची खाच बहुधा मधोमध नसते. यंत्रावर केलेले टोकदार स्क्रू साधारण 1850 च्या आसपास रुळले. हे सगळे एकत्र धरून पेटी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या तीस-चाळीस वर्षांतली, मुंबईत बनलेली आहे, असे मी म्हणेन. डचांनी वेंगुर्ल्यात वखार घातली ती 1637 च्या सुमारास, आणि आपल्या पेटीवरची एकही खूण इतकी मागे जात नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे ऐकून वाईट वाटेल, पण मला स्वतःला पणजोबांची हकिगत अधिक मोलाची वाटते. या पेट्या मुख्यतः साहेबलोक विकत घेत आणि मायदेशी नेत. मुंबईच्या गोदीत नोकरी करणाऱ्या कोकणी माणसाने ती घ्यावी किंवा कोणी त्याला भेट द्यावी, आणि ती किनाऱ्याच्या बोटीने वेंगुर्ल्याला यावी, ही गोष्ट संग्राहकाच्या दृष्टीनेही क्वचित आढळणारी आहे. ती आजच कागदावर उतरवून ठेवावी. कोणी आणली, कोणाकडून ऐकले, घरातल्या कोणत्या माणसाने ती वापरताना पाहिली, हे सर्व नावांसह लिहावे.

किनाऱ्यावर ही गल्लत नेहमी होते, म्हणून थोडे विषयांतर करतो. ब्रह्मदेशचा थिबा राजा 1886 ते 1916 या काळात रत्नागिरीत कैदेत होता, त्यामुळे तिथे कोणतीही कोरीव पेटी त्याच्या वाड्यातली ठरवली जाते. सावंतवाडीच्या आसपास मिळालेली पेटी लोक लगेच तिथल्या लाखकामाची समजतात. ब्रह्मदेशी काम बहुधा सागवानाचे किंवा बांबूवर लाख चढवलेले असते. सावंतवाडीचे लाखकाम हे लाकडावर रंग आणि लाखेचे थर देऊन केलेले चित्रकाम आहे, त्यात जडवलेले काही नसते. दक्षिणेकडे कुमठा, होन्नावर, सोरब भागातल्या गुडिगार कारागिरांच्या चंदनी पेट्याही आपल्या किनाऱ्यावर येत. त्यांच्यावर कोरीव काम फार खोल आणि दाट असते, पण चांदण्यांचे पट्टे नसतात. विशाखापट्टणमच्या पेट्यांवर हस्तिदंताचे सलग पातळ पत्रे बसवलेले असून त्यांवर कोरलेल्या रेघांत काळी लाख भरलेली असते. होशियारपूरच्या शिसवी पेट्यांवर पांढरी वेलबुट्टी खोचलेली असते, तिच्यात कथील नसते. आपल्या पेटीत यांपैकी काहीही नाही.

आता हस्तिदंताचा प्रश्न, आणि तो गंभीर आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. भारतीय हत्तीच्या दाताचा व्यापार 1986 च्या दुरुस्तीने बंद झाला आणि आफ्रिकेतून आलेल्या हस्तिदंतालाही 1991 च्या दुरुस्तीने तीच बंदी लागू झाली. वस्तू शंभर-दीडशे वर्षे जुनी आहे म्हणून या कायद्यात सूट मिळत नाही, आणि पेटीवर हस्तिदंताचे चिमूटभर तुकडे आहेत की अख्खा पत्रा आहे यानेही फरक पडत नाही. अशी वस्तू फक्त वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे जाऊ शकते. 2003 पासूनच्या तरतुदीप्रमाणे वारसाने आलेल्या अशा वस्तूची माहिती 90 दिवसांच्या आत राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांना द्यावी लागते. म्हणून व्यापाऱ्याने ‘कोणाला कळणार आहे’ असे म्हटले तरी त्याच्या बोलण्यावर जाऊ नये, कारण कायद्यापुढे विकणारा आणि घेणारा दोघेही सारखेच अडकतात. आपल्याला ही पेटी कोणाच्या निधनानंतर व कधी मिळाली, त्याआधी कोणी काही कागद केला होता का, हे घरच्या कागदपत्रांत पाहून जवळच्या वनविभागाच्या कार्यालयात आणि एखाद्या जाणत्या वकिलाकडे विचारून घ्यावे. मुदत उलटली असेल तरी स्वतः जाऊन विचारणे हे लपवून ठेवण्यापेक्षा केव्हाही बरे.

पांढरे काम हाडाचे निघाले तर हा कायदा त्या वाटेने आड येत नाही, पण दुसरा एक कायदा उरतोच. पुरावस्तूंसंबंधीच्या 1972 च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरते. ती देशाबाहेर नेण्याची खाजगी माणसाला मुभा नाही, आणि तिचा धंदा करणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. परदेशी असलेल्या भाच्याला पेटी भेट द्यावी असा आपला विचार पत्रातून डोकावतो, तो सोडून द्यावा. देशात विकायची झाल्यास व्यापाऱ्याचा परवाना डोळ्यांनी पाहावा आणि पक्की पावती घ्यावी.

हाड आणि हस्तिदंत ओळखण्यासाठी लोक तापवलेली सुई टोचतात. ती कधीही टोचू नये. तिने कायमचा डाग पडतो, आणि हाड व हस्तिदंत दोन्ही न वितळता करपतात, त्यामुळे या दोघांत निवड करायला तिचा काही उपयोग होत नाही. दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरेसे आहे. हाडावर बारीक काळपट ठिपके किंवा तुटक रेघोट्या दिसतात, त्या जिवंतपणी रक्त वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या. हस्तिदंतावर असे ठिपके नसतात. त्याच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या कमानदार रेघांची जाळी दिसते, तर उभ्या बाजूने फार बारीक समांतर लहरी दिसतात. अडचण अशी की सादेलीतले तिकोन इतके लहान असतात की त्यांत यांपैकी काहीच नीट उमटत नाही. त्यामुळे चांदण्यांत शोधण्याऐवजी पेटीच्या कडेने गेलेल्या लांब पांढऱ्या पट्ट्या आणि किल्लीच्या भोकाभोवतीची चकती तपासावी. जंबुकिरणांच्या (अल्ट्राव्हायोलेट) टॉर्चखाली हाड आणि हस्तिदंत दोन्ही निळसर पांढरे उजळतात, म्हणून तो टॉर्च प्लॅस्टिक वेगळे काढायलाच उपयोगी. शिवाय एकाच पेटीत कडेला हस्तिदंत आणि चांदण्यांत हाड, असा मेळ पुष्कळदा असतो. एका जागेवरून निकाल देऊ नये.

पॉलिशला मी इतका कडक नकार का देतो, ते काम कसे केले जाते यावरूनच कळेल. पॉलिशवाला प्रथम काचपेपर मारणार. दीड मिलिमीटरच्या थरावर काचपेपर फिरला की उंचवट्यावरचे तिकोन झिजून खालचा सांगाडा उघडा पडतो, आणि कथलाचा राखी भुगा शेजारच्या चंदनाच्या व हस्तिदंताच्या रंध्रांत बसतो. तो पुन्हा निघत नाही, सबंध पट्टा मळकट दिसतो. त्यानंतर स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी, म्हणजे पॉलिशची लाख, कोरीव फळीवर चढवली की पानाफुलांच्या खोलगट जागा भरून नक्षीची धार जाते आणि चंदनाचा वास कोंडला जातो. शंभर वर्षांच्या हाताळणीने चढलेली तुकतुकी आणि हस्तिदंतावरची पिवळसर झाक हा मळ नसून पेटीच्या वयाचा पुरावा आहे, आणि संग्राहक आधी तोच शोधतो. चकचकीत केलेली पेटी जाणकाराच्या हातात गेली की तो दुसऱ्या क्षणी खाली ठेवतो. ब्रासोने पितळ घासणे, खोबरेल तेलाचा हात फिरवणे, सांदीत रॉकेल सोडणे हे घरगुती उपायही इथे वर्ज्य आहेत. खोबरेल तेल खवट होऊन चिकट थर धरते आणि त्यावर बुरशी येते. धूळ काढायला रंगकामाचा मऊ, कोरडा कुंचला घ्यावा आणि उठलेल्या तुकड्यांपासून दूर, एकाच दिशेने तो फिरवावा. ओले फडके लावू नये, कारण सरस पाण्याने मऊ होतो.

आपल्या तिसऱ्या फोटोत उजव्या कोपऱ्यात सहा-सात चांदण्या उचललेल्या दिसतात. तिथे फेविकॉल किंवा फेविक्विक लावण्याचा मोह होईल. सरसाचा सांधा थोड्या ऊब-ओलाव्याने पुन्हा सोडवता येतो, म्हणून पुढचा दुरुस्त करणारा काही करू शकतो. या दुसऱ्या गोंदांनी चिकटलेला तुकडा सुटताना लाकडासकट तुटतो. निखळलेला प्रत्येक तुकडा, अगदी भुग्यासारखा असला तरी, कागदी पाकिटात घालून तो कोणत्या बाजूचा ते वर पेन्सिलीने लिहावे. उचललेल्या भागावर चिकटपट्टी लावू नये. त्यावर पातळ कागद अंथरून वरून सुती फीत सैल बांधली की पुरे. पुढचे काम तज्ज्ञाकडेच द्यावे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतनाचे केंद्र आहे, तिथे चौकशी करता येईल. मुंबईला जाणे झाले तर भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयही अवश्य पाहावे. 1872 मध्ये लोकांसाठी खुले झालेल्या या संग्रहालयात त्या काळच्या कलाकुसरीचा संग्रह आहे, आणि शेजारी शेजारी ठेवलेली कामे पाहून डोळा तयार होतो, तसा फोटोंवरून होत नाही.

पावसाळा तोंडावर आहे, तेव्हा पेटी माळ्यावर परत ठेवू नये. कौलांखालची जागा उन्हाळ्यात भट्टीसारखी तापते आणि पावसात ओलीने भरते, आणि लाकडाला सततच्या ओलीपेक्षा ही रोजची चढउतार जास्त मारते. चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकवलेले कपाटही नको, कारण ती भिंत श्रावण-भाद्रपदापर्यंत पाणी धरून असते. घराच्या मधल्या खोलीत, आतल्या भिंतीकडे, जमिनीपासून वर असलेल्या लोखंडी कपाटात, धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात सैल गुंडाळून पेटी ठेवावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधली तर आतली ओल कोंडून बुरशी येते. बाजारात मिळतो तो लहानसा आर्द्रतामापक कपाटात ठेवावा. काटा पन्नास ते साठ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहिला तर उत्तम, पण आपल्याकडे आषाढात तो सत्तरच्या खाली येणे कठीण, तेव्हा आकड्यापेक्षा तो स्थिर राहण्याकडे लक्ष द्यावे. सिलिका जेलच्या पुड्या पेटीच्या आत कोंबू नयेत, त्या कपाटाच्या खालच्या खणात ठेवाव्यात. आणि दसरा-दिवाळीला गाद्या-ट्रंकांबरोबर पेटीला ऊन दाखवण्याची आपली पद्धत या वस्तूसाठी पूर्ण बंद करावी. ओल घेतलेला सांगाडा तासाभराच्या उन्हाने आक्रसतो आणि वरचे काप पटापट उडतात. यापेक्षा मोठे नुकसान मी वाळवीनेही केलेले पाहिलेले नाही.

घुणाची शंका असल्यास पेटीखाली काळा कागद पसरून आठवडाभर ठेवावा. ताजा पिवळसर भुगा पडला तर किडा जिवंत आहे. कोणतेही औषध फवारण्याआधी मला कळवावे. जुनी भोके असून भुगा पडत नसेल तर काही करण्याची गरज नाही.

अशा लेखनपेट्यांत पुष्कळदा चोरकप्पा असतो. दोन्ही दौती अलगद काढून ठेवाव्यात आणि टाकाच्या खणाच्या खालची पातळ उभी पट्टी पाहावी. ती दोन बोटांनी सरळ वर सरकते का, एवढेच अजमावावे, चाकू किंवा पेचकस घालू नये. पट्टी निघाली तर तिच्यामागे चिमुकले खण असतात, आणि त्यांत जुने तिकीट, पावती किंवा एखादे पत्र राहिलेले असू शकते. मखमलीखालचा कागद मात्र उचकटू नये.

पुढच्या पत्राबरोबर कडेच्या लांब पांढऱ्या पट्टीचा आणि किल्लीच्या चकतीचा भिंगातून घेतलेला फोटो, पेटीच्या तळाचा फोटो, आणि लांबी, रुंदी, उंची मिलिमीटरमध्ये पाठवावी. तळाच्या फळीवर करवतीच्या खुणा सरळ आहेत की गोलाकार, हे तिरप्या उजेडात पाहून कळवावे. त्यावरून वयाचा अंदाज आणखी नेमका करता येईल, आणि वनविभागाकडे द्यायच्या वर्णनात काय लिहावे हेही ठरवता येईल.